सुट्या भागांची सोयरीक



वसंतातल्या व्याख्यानासाठी इतिहासाचा विषय हवा असेल, तर आपल्या या सावित्रीच्या खोऱ्यात विषयांची वाण नाही. वर प्रतापगड आहे, पलीकडे रायगड आहे, उमरठला तानाजी मालुसऱ्यांचे स्मारक आहे, महाडला चवदार तळे आहे. या विषयांवर बोलणारे माझ्याहून अधिकारी वक्ते पुष्कळ आहेत. मी आज जो इतिहास सांगणार आहे तो फारसा जुना नाही. त्यात लढाया आहेत, पण रक्त सांडलेले नाही. आणि त्याचे अवशेष पाहावयास गड चढावा लागत नाही, घरातल्या टेबलाखालची पत्र्याची पेटी उघडली की पुरे. ती पेटी म्हणजे संगणक, आणि तोही दुकानातून तयार आणलेला नव्हे, तर सुटे भाग निवडून घरी जुळवलेला.

हा विषय मला सुचला त्याला कारण माझा एक जुना विद्यार्थी. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात तो एक खोके काखोटीला मारून माझ्या घरी आला. वडील महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. मुलगा कॉलेजात शिकणारा. दोन वर्षे लहान मुलांच्या शिकवण्या करून त्याने पैसे साठवले होते, उरलेले वडिलांनी बोनसातून दिले होते, आणि खेळ खेळता येतील असा पहिला संगणक तो स्वतः जुळवणार होता. यादी त्याची, खरेदी मुंबईच्या चुलतभावाने केली आणि माल एस.टी.च्या पार्सलने पोलादपुरास आला. सगळे भाग मांडून तो म्हणाला, "सर, मदरबोर्ड हा, रॅम ही. पण रॅमची खाच जुळत नाही. जोर लावू का?"

मी म्हटले, "बाबा रे, जोर मात्र लावू नकोस."

मदरबोर्ड डीडीआर ४ जातीच्या रॅमसाठी केलेला होता आणि पट्टी डीडीआर ५ ची होती. या दोन पट्ट्या लांबीला सारख्या. दोहोंना २८८ संपर्कबिंदू. फक्त मधली खाच जराशी सरकलेली. मदरबोर्डांची नावेही अशी फसवी, की एकाच नावाचा बोर्ड दोन प्रकारांत मिळतो आणि भेद काय तो शेवटच्या "डी ४" एवढ्या दोन अक्षरांत. यादीत नेमकी तीच दोन अक्षरे राहून गेली होती. आणि बिलावर छापलेले होते, की विकलेला माल परत घेतला जाणार नाही. पोलादपूर ते मुंबई पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर. जाऊन तरी काय सांगावयाचे? मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबांना अजून सांगितलं नाही, सर. पण मला सांगा, दोन्ही रॅमच ना? मग एकाच्या जागी दुसरी बसत नाही, हे ठरवलं कोणी?"

प्रश्न रागाने विचारलेला होता. परंतु तो इतिहासाचा प्रश्न आहे. एक वस्तू दुसरीत बसावी की बसू नये हे कोणीतरी, कधीतरी, काही हेतूने ठरवलेले असते.

आपल्या वाडवडिलांना हा प्रश्न नवा नव्हता. एका बाजाराची पायली दुसऱ्या बाजारात चालेलच असा भरवसा नसे. मणाचे शेर किती हे गावागणिक बदले. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १९५८ पासून दशमान मापे टप्प्याटप्प्याने आली, तेव्हा कुठे देशभर एक किलो म्हणजे एक किलो झाला. रेल्वेची कथा तर अधिक बोलकी आहे. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती साडेपाच फूट रुंदीच्या रुळांवरून. पुढे १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने बार्शी लाइट रेल्वे काढली ती अडीच फुटांची. त्याची योजना हुशारीची होती: कोणत्याही कण्यावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यावयाचा नाही, म्हणजे हलके रूळही चालतील. खर्च वाचला, पण कुर्डुवाडीला माल एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवण्याचे काम कपाळी आले, ते मार्ग रुंद होईपर्यंत टळले नाही. आपल्याच जिल्ह्यात नेरळला उतरून माथेरानची दोन फुटी गाडी धरताना आपण सारे हाच अनुभव घेतो. तेथे डोंगराची वळणे पाहता लहान रूळच योग्य होते, ही गोष्ट वेगळी. सांगावयाचे ते इतकेच, की न जुळणे हे दर वेळी मूर्खपणाने किंवा लबाडीने होते असे नाही. कधी त्याला सबळ कारण असते, आणि तरीही हमालाची पाठ दुखतेच.

आता संगणकाकडे वळू. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तरुण संशोधकांनी १९५० नंतरच्या दशकात एक संगणक स्वतः रचला. १९५६ मध्ये त्याचे लहान प्रायोगिक रूप चालले, १९६० मध्ये पूर्ण यंत्र उभे राहिले आणि १९६२ मध्ये त्याचे "टिफ्रॅक" असे नामकरण झाले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. घरी जुळवलेला संगणक म्हणावयाचा, तर हा आपल्याकडचा आद्य होय! पण त्याचा एखादा कप्पा काढून दुसऱ्या कोणत्या संगणकात बसवता आला असता काय? मुळीच नाही. त्या काळी जगातला प्रत्येक संगणक हा जणू स्वतंत्र संस्थान होता. त्याची नाणी वेगळी, त्याची मापे वेगळी. मोठ्या कंपन्यांची यंत्रेही तशीच. ज्याने यंत्र विकले त्याच्याकडूनच जोडभाग घ्यावयाचे आणि तो सांगेल ते दाम मोजावयाचे.

ही संस्थाने खालसा झाली ती एका घाईमुळे. १२ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेच्या आयबीएम कंपनीने आपला "पर्सनल कॉम्प्युटर" बाजारात आणला. छोट्या संगणकांच्या बाजारात इतर पुढे निघून गेले होते; नेहमीच्या पद्धतीने प्रत्येक भाग स्वतः घडवत बसावयास सवड नव्हती. तेव्हा फ्लॉरिडातील बोका रॅटन येथल्या एका छोट्या गटाने डॉन एस्ट्रिज यांच्या नेतृत्वाखाली बाजारात मिळणारे भागच घेतले. प्रोसेसर इंटेलचा, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे यंत्राची तांत्रिक माहिती त्यांनी पुस्तकरूपाने छापून विकली. हेतू असा, की इतरांनी जोडकार्डे तयार करावीत आणि आमच्या यंत्राचा खप वाढावा.

पण घराचा आराखडा छापून वाटला, की तसेच घर शेजारीही बांधतो. एकच कुलूप उरले होते. यंत्र जागे होताच जो पहिला पाठ वाचते, त्याला बायोस म्हणतात. त्यावर आयबीएमचा लेखनहक्क होता. ह्यूस्टनच्या कॉम्पॅक या नव्या कंपनीने यावर जी युक्ती केली ती कायद्याच्या विद्यार्थ्यांनीही अभ्यासावी अशी आहे. एका गटाने आयबीएमचा पाठ वाचला आणि तो काय काय करतो एवढेच लिहून काढले. दुसऱ्या गटाने मूळ पाठ जन्मात पाहिलेला नव्हता. त्याने त्या वर्णनावरून तेच काम करणारा नवा पाठ लिहिला. काम तेच, अक्षर न् अक्षर निराळे. चोरी म्हणावयास जागा नाही. १९८२ च्या नोव्हेंबरात कॉम्पॅकचे यंत्र जाहीर झाले. १९८४ मध्ये फिनिक्स नावाच्या कंपनीने असाच बायोस तयार करून कोणालाही विकावयास काढला, आणि मग ज्याच्यापाशी भांडवल त्याने संगणक जुळवावा अशी स्थिती झाली. "आयबीएम कंपॅटिबल" हा शब्द तेव्हाचा.

आयबीएमला आपली चूक उमगली, पण उशिरा. १९८७ मध्ये त्यांनी पीएस/२ नावाची नवी मालिका काढली आणि तिच्यातली जोडकार्डांची खाचच बदलून टाकली. ती वापरावयाची तर परवाना घ्या, पैसे भरा. खाच तांत्रिक दृष्ट्या जुनीहून सरस होती, यात शंका नाही. परंतु पुढच्याच वर्षी कॉम्पॅकसह नऊ कंपन्या एकत्र आल्या आणि जुनी कार्डेही चालतील अशी आपली वेगळी खाच त्यांनी जाहीर केली. त्या नऊ जणांची खाचही फार काळ टिकली नाही; १९९२ मध्ये इंटेलने पीसीआय आणली आणि सर्वांनी ती पत्करली. पण आयबीएमची मक्तेदारी जी गेली ती गेली. माझ्या विद्यार्थ्याच्या बोर्डावरची लांब खाच ही त्याच पीसीआयच्या वंशातली, २००३ पासूनची पीसीआय एक्स्प्रेस. या वंशाचा एक गुण सांगितला पाहिजे: नवे कार्ड जुन्या खाचेत आणि जुने कार्ड नव्या खाचेत, वेग कमी मिळाला तरी, सहसा चालते.

आपल्या देशात या घडामोडींचे पडसाद उशिराच उमटले. आयबीएमने १९७८ मध्ये भारत सोडला होता. १९८४ च्या नोव्हेंबरात नवे संगणक धोरण आले आणि आयात सैल झाली. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत बहुतेक भागांवरील जकात शून्यावर आली. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनाजवळचा लॅमिंग्टन रस्ता – नावाने तो आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण ते नाव घेऊन विचाराल तर कोणी दुकान दाखवणार नाही – या सुट्या भागांचा बाजार झाला. "असेंबल केलेला" हा शब्द मराठी घरांत रुळला तो त्याच सुमारास. कंपनीचा संगणक परवडत नाही, तर ओळखीच्या माणसाकडून असेंबल करून घ्यावा, असा तो काळ होता.

येथे पुण्याची एक आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेने आपल्याला हवा तसा महासंगणक देण्याचे नाकारले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक संस्था स्थापन झाली आणि अकोला जिल्ह्यातले डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये "परम ८०००" तयार झाला. त्यातले प्रोसेसर पुण्यात घडवलेले नव्हते. इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे, बाजारात मिळणारे ट्रान्सप्यूटर होते. बुद्धी लागली ती ते एकमेकांशी कसे बोलतील हे ठरवण्यास. विकत आणलेल्या भागांचा संगणक म्हणून जे नाक मुरडतात, त्यांनी परमची ही कथा जरूर आठवावी.

आता पेटीच्या आत डोकावू. १९९५ पूर्वीच्या संगणकात वीजपुरवठ्याच्या डब्यातून मदरबोर्डाकडे दोन सारख्याच फण्या येत. एकीचे नाव पी ८, दुसरीचे पी ९. त्या शेजारीशेजारी लावावयाच्या. अदलाबदल झाली तरी त्या बसत, आणि बसल्या की बोर्ड जळे. म्हणून जुने कारागीर एकच मंत्र शिकवीत: काळ्या तारा काळ्यांजवळ. हा मंत्र मलाही शिकवलेला होता. तरी १९९६ साली एका शाळेच्या संगणकखोलीत, दिवे गेलेले असताना, मेणबत्तीच्या उजेडात मी तो विसरलो. दिवे आले, मी बटण दाबले, आणि जो वास आला तो अद्याप माझ्या नाकात आहे. १९९५ मध्ये इंटेलने "एटीएक्स" हा नवा साचा मांडला, त्यात या दोन फण्यांची एकच अखंड फणी झाली आणि ती उलटी बसूच शकत नाही. बोर्डाची लांबीरुंदी, स्क्रूंच्या भोकांच्या जागा, मागच्या जोडण्यांची चौकट हे सर्व त्या साच्याने बांधून दिले. तीस वर्षे झाली. फणीच्या वीस टाचण्यांच्या चोवीस झाल्या, पण साचा तोच आहे. खेळाच्या संगणकासाठी मुले मोठ्या हौसेने जे काचेचे कॅबिनेट घेतात, त्याची भोकेही १९९५ सालचीच. मात्र स्क्रूंच्या पुडीत दोन प्रकारचे आटे मिसळलेले असतात, काही इंची आणि काही मिलिमीटरी. दिसावयास सारखे, पण एकाच्या जागी दुसरा पिळला की आटे गेलेच. मापे एक करण्याचे राहून गेलेले काम असे पुडीच्या तळाशी सापडते.

प्रोसेसरच्या बाबतीत मात्र ही एकी फार काळ नांदली नाही. १९९५ नंतर काही वर्षे "सॉकेट ७" या बैठकीत इंटेल, एएमडी आणि सायरिक्स या तिन्ही घराण्यांचे प्रोसेसर बसत. मग १९९७ मध्ये इंटेलने पेंटियम २ साठी वेगळी बैठक काढली आणि चूल वेगळी मांडली. एएमडीने १९९९ मध्ये आपली बैठक काढली, तिचे जोडकाम तेच होते, फक्त उलटे बसवलेले, म्हणजे एकाचा प्रोसेसर दुसऱ्यात चुकूनही शिरू नये. तेव्हापासून प्रथम घराणे निवडावयाचे आणि मग बैठक पाहावयाची, असा क्रम पडला. आज बैठकीच्या नावातच कित्येकदा संपर्कबिंदूंची संख्या असते: एलजीए १७०० म्हणजे सतराशे. एएमडीने २०१६ ची एएम ४ बैठक अनेक वर्षे चालू ठेवली आणि २०२२ मध्ये एएम ५ आणली. इंटेल बैठक लवकर बदलते. ज्याला दोनचार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलावयाचा आहे, त्याने हा स्वभावभेद लक्षात घ्यावा असे मला वाटते. आणि बैठक जुळली तरी काम झाले असे नाही. बोर्ड आधी बनलेला आणि प्रोसेसर नंतर आलेला असेल, तर बोर्डावरच्या बायोसला त्या पाहुण्याची ओळखच नसते. बायोस नवा केल्याखेरीज यंत्र जागे होत नाही. पत्रिका जुळली, पण घरच्या वडीलधाऱ्यांना नाव ठाऊक नाही, तशातली गत!

रॅमची खाच कोणी ठरवली, हा मुलाचा प्रश्न होता. तर ती जेडेक या संस्थेने ठरवली. उत्पादक एकत्र बसून तेथे मापे ठरवतात. डीडीआर ४ ला १.२ व्होल्ट लागतात, डीडीआर ५ ला १.१, शिवाय विजेचे नियमन डीडीआर ५ मध्ये बोर्डावरून पट्टीवरच आले. पट्टी चुकीच्या जागी शिरली असती तर नुकसान झाले असते. म्हणजे ती सरकवलेली खाच त्याला अडवत होती, ती पी ८ आणि पी ९ च्या अनुभवाने शहाणे झालेल्या लोकांनी. पीएस/२ ची खाच परवान्याच्या पैशासाठी वेगळी; रॅमची खाच रॅम वाचावी म्हणून वेगळी. पट्टी हातात धरून पाहिले तर हा भेद दिसत नाही.

खेळांनी या सगळ्यात काय भर घातली? पुष्कळच. १९९३ च्या डिसेंबरात "डूम" आला आणि घरचा संगणक म्हणजे हिशेब आणि पत्रे ही समजूत मागे पडली. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीचे "व्हूडू" कार्ड आले. ते फक्त त्रिमिती चित्रे काढी, साध्या चित्रांसाठी दुसरे कार्ड असेच, आणि दोहोंना बाहेरून एका वायरने जोडावे लागे. १९९९ मध्ये एनव्हिडियाने जीफोर्स २५६ आणले आणि चित्रांचे अधिकाधिक काम कार्डाकडे गेले. पुढे कार्डाची भूक इतकी वाढली, की खाचेतून मिळणारे ७५ वॉट पुरेनात. वीजपुरवठ्यातून वेगळी वायर आणावी लागली. २०२२ मध्ये सहाशे वॉटपर्यंत वीज नेणारी बारीक टाचण्यांची नवी जोडणी आली आणि काही महागड्या कार्डांवर ती वितळल्याच्या तक्रारीही आल्या. कॅलथ्रॉपने कण्यावरचा भार ठरवून टाकला होता, त्याची येथे आठवण होते.

माझ्या विद्यार्थ्याची निवड या बाबतीत शहाणपणाची होती. प्रोसेसर इंटेलचा १२४००एफ. त्यातल्या "एफ" चा अर्थ असा, की त्याला स्वतःचे चित्र काढता येत नाही, कार्ड लागतेच. कार्ड ११५ वॉटचे. प्रोसेसर जोरात असता जास्तीत जास्त ११७ वॉट घेतो. पंखे, एसएसडी, बोर्ड धरून बेरीज तीनशेच्या आसपास. त्याने ५५० वॉटचा वीजपुरवठा घेतला होता, तो ठीकच. पण पोलादपूरचा हिशेब येथे थांबत नाही. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस; जूनपासून वीज कधी जाईल आणि येताना किती व्होल्ट घेऊन येईल याचा नेम नाही. त्याने यूपीएस घेतला होता ६०० व्हीएचा. व्हीए म्हणजे वॉट नव्हेत. असा यूपीएस बहुधा ३६० वॉटच झेपवतो, आणि त्याच्यावर पडदा म्हणजे मॉनिटरही चालवावयाचा; ऐन रंगात आलेल्या खेळात दिवे गेले तर तोही मान टाकणार. तो बदलून मोठा घ्यावयास सांगितले. तो महाडात घेतलेला असल्याने फरक भरून बदलूनही मिळाला. अर्थिंग वायरमनकडून तपासून घेतले. पेटी जमिनीवर ठेवू नकोस हेही बजावले. २२ जुलै २०२१ ला महाडात पाणी कुठवर चढले होते हे येथे बसलेल्यांना मी सांगावयास नको.

रॅमचा प्रश्न सुटला तो अनपेक्षितपणे. चुलतभावाच्या कपाटात जुन्या संगणकातून काढलेल्या डीडीआर ४ च्या, आठआठ जीबीच्या दोन पट्ट्या पडून होत्या. त्या पुढच्या पार्सलने आल्या. तोंडावर ओलसर हवेची पुटे चढली होती. खोडरबराने पुसल्या, बसवल्या, आणि दुसऱ्या खेपेस यंत्र जागे झाले. पहिल्या खेपेस झाले नाही, कारण प्रोसेसरची वेगळी वीजवायर लावावयाची आम्ही दोघेही विसरलो होतो.

डीडीआर ५ ची ती पट्टी खोक्यासकट त्याच्या खणात पडून राहिली. पुढे २०२५ च्या अखेरीस, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी जगभर रॅम उचलण्यास सुरुवात केली आणि रॅमचे भाव भडकले. डिसेंबरात त्याने ती न उघडलेली पट्टी विकली, ती घेतल्या भावाहून बरीच जास्तीला. त्याच संध्याकाळी त्याने वडिलांना दोन्ही गोष्टी एकदम सांगितल्या.

"मे महिन्यापासून लपवलंस?" एवढेच ते म्हणाले, आणि पैसे मोजून घेतले.